दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत फुप्फुसांना जपणारे व्हेंटिलेशन : दाह कमी झाला, तर रुग्णाला लाभ होतोच का?

तितिक्षा

नमस्कार. मी भूलशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. आमच्या विभागात एका प्रश्नावर दोन तट पडले आहेत, म्हणून हा धागा काढते आहे.

लॅप्रोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी, पोटात साधारण १२ ते १५ मिलिमीटर पारा इतक्या दाबाने कार्बन डायऑक्साइड भरला जातो. त्याबरोबर श्वासपटल वर सरकते, फुप्फुसांचे तळाकडचे भाग मिटू लागतात आणि पूर्वीइतकीच हवा आत ढकलण्यासाठी व्हेंटिलेटरला बराच जास्त दाब लावावा लागतो. एका गटाचे म्हणणे असे की, अशा वेळी टायडल व्हॉल्यूम (प्रत्येक श्वासाला दिलेल्या हवेचे आकारमान) दर किलोमागे ६ ते ८ मिली ठेवावा, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब) द्यावा आणि अधूनमधून मिटलेले वायुकोश, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्या, उघडून घ्यावेत. कारण त्याने फुप्फुसातला दाह कमी होतो आणि इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ यांसारख्या सायटोकाइनची, म्हणजे दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनांची, पातळी खाली राहते. दुसरा गट विचारतो की, तासाभराच्या शस्त्रक्रियेत निरोगी फुप्फुसांना १० मिलीने असे काय होणार आहे, आणि रक्तातला एक आकडा खाली आला म्हणून रुग्ण लवकर बरा झाला असे कशावरून म्हणायचे?

माझा कल पहिल्या गटाकडे आहे, पण दुसऱ्या गटाच्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. अनुभवी सदस्यांनी लिहावे.

औदुंबर

प्रश्न चांगला आहे. उत्तर देण्याआधी १० मिलीची सवय आली कुठून, हे पाहायला हवे, कारण ती सवय अविचारातून आलेली नाही. १९६३ मध्ये बेंडिक्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की, भुलेखाली लहान लहान श्वास दिले तर फुप्फुसाचे भाग हळूहळू मिटतात आणि रक्तातला ऑक्सिजन घटतो. मोठे श्वास दिले तर ही घट टळते. त्या काळी पीप देण्याची रीत नव्हती, त्यामुळे वायुकोश उघडे ठेवण्यासाठी मोठा श्वास हाच उपाय होता आणि पुढच्या अनेक पिढ्यांनी तो तसाच शिकवला.

पुढे अतिदक्षता विभागातून उलटा पुरावा आला. एआरडीएसच्या (फुप्फुसे अचानक निकामी होण्याच्या गंभीर आजाराच्या) रुग्णांवरील अमेरिकेतील मोठ्या चाचणीत, जी २००० मध्ये प्रसिद्ध झाली, १२ मिलीऐवजी ६ मिली दिल्यावर मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. तेव्हापासून शस्त्रक्रियागृहातही तोच नियम असावा का, हा विचार सुरू झाला. पण एआरडीएसमध्ये हवा घेऊ शकणारे फुप्फुस आधीच थोडे उरलेले असते. आपल्यासमोर पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी झोपलेल्या माणसाची फुप्फुसे तशी नसतात, त्यामुळे तिथला निष्कर्ष जसाच्या तसा उचलून इथे ठेवता येत नाही.

चंद्रकोर

औदुंबर यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. गॅस भरल्यानंतरचे फुप्फुस आणि चालताबोलता असलेल्या माणसाचे फुप्फुस यांत फार अंतर पडलेले असते. भूल दिल्याबरोबर बहुतेक रुग्णांच्या फुप्फुसांचे तळाकडचे काही भाग मिटतात, आणि हे सीटी स्कॅनवर दिसते. त्यावर पोटातला दाब चढतो. १५ मिलिमीटर पारा म्हणजे जवळजवळ २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब झाला. त्यात डोके खाली केलेली स्थिती आली की आतड्यांचे वजनही श्वासपटलावर पडते. मग दिलेला श्वास उरलेल्या थोड्या उघड्या भागात शिरतो, आणि जो श्वास संपूर्ण फुप्फुसाला साजेसा होता तोच त्या भागाला मोठा ठरतो.

इजा दोन्ही टोकांना होते. उघडे वायुकोश प्रमाणाबाहेर ताणले जातात, आणि मिटलेल्या भागाच्या सीमेवरचे वायुकोश प्रत्येक श्वासाला उघडतात व पुन्हा मिटतात. ओल्या कागदाची चिकटलेली पाने पुन्हा पुन्हा सोडवावी तसे हे होते. पान एखाद्या वेळी शाबूत राहील, पण मिनिटाला चौदा वेळा असे होत असेल तर त्याचा पृष्ठभाग सोलवटणारच. ताणलेल्या आणि घासलेल्या पेशी सायटोकाइन सोडतात, पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात आणि यांत्रिक इजेचे रूपांतर दाहात होते. बायोट्रॉमा म्हणतात तो हाच.

गणिती

चर्चा पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करावी अशी विनंती आहे. वर सगळीकडे 'दर किलोमागे' असे लिहिले आहे. हे किलो कोणते? रुग्णाचे प्रत्यक्ष वजन इथे धरायचे नसते. उंचीवरून काढलेले अपेक्षित वजन धरायचे असते, कारण माणूस जाड झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. पुरुषासाठी सेंटिमीटरमधील उंचीतून १५२.४ वजा करून ०.९१ ने गुणावे आणि ५० मिळवावेत. स्त्रीसाठी ५० ऐवजी ४५.५ मिळवावेत.

१६० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे अपेक्षित वजन या हिशेबाने सुमारे ५२ किलो येते. तिचे प्रत्यक्ष वजन ९० किलो असेल आणि कोणी त्यावर ८ मिलीचा हिशेब लावला, तर श्वास ७२० मिलीचा होईल, म्हणजे अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे जवळजवळ १४ मिली. लावणाऱ्याला मात्र आपण फुप्फुसे जपतो आहोत असेच वाटत राहील. उंचीने कमी असलेल्या स्त्रियांच्या बाबतीत हे सर्वाधिक घडते, आणि उंची नोंदवलेलीच नसते हे त्याचे नेहमीचे कारण आहे.

तितिक्षा

गणिती, हे लिहिलेत ते फार बरे झाले. आमच्या भुलेच्या तक्त्यावर वजनाचा रकाना आहे, उंचीचा नाही. हे उद्याच विभागात मांडते.

चंद्रकोर, यंत्रणा समजली. पण रुग्णांवरील पुरावा काय सांगतो?

नीलाक्ष

पुराव्याबद्दल मी लिहितो, कारण इथे बऱ्याचदा एकाच चाचणीचे नाव घेतले जाते आणि बाकीच्या विसरल्या जातात.

२०१३ मध्ये फ्रान्समधील 'इम्प्रूव्ह' चाचणी प्रसिद्ध झाली. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचे ४०० रुग्ण होते. एका गटाला १० ते १२ मिलीचे श्वास आणि शून्य पीप, दुसऱ्या गटाला ६ ते ८ मिली, ६ ते ८ सेंटिमीटर (पाण्याच्या उंचीत मोजलेला) पीप आणि दर अर्ध्या तासाला वायुकोश उघडण्याची क्रिया. मोठ्या गुंतागुंती पहिल्या गटात २७.५ टक्के आणि दुसऱ्यात १०.५ टक्के रुग्णांना झाल्या. फरक मोठा होता, म्हणून ही चाचणी सगळ्यांच्या लक्षात राहिली. पण त्यात तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या आणि तुलनेचा गट पीपशिवाय ठेवला होता. त्यामुळे लाभ कशाचा, हे त्या चाचणीतून सांगता येत नाही.

मग एकेक गोष्ट सुटी करून पाहिली गेली. २०१४ च्या 'प्रोव्हिलो' चाचणीत पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या सुमारे ९०० रुग्णांना सारखाच, म्हणजे ८ मिलीचा, श्वास देऊन १२ सेंटिमीटर पीप आणि २ पर्यंतचा पीप यांची तुलना केली. फुप्फुसांच्या गुंतागुंतीत फरक पडला नाही; जास्त पीपच्या गटात रक्तदाब मात्र अधिक वेळा घसरला. २०१९ च्या 'प्रोबीज' चाचणीत लठ्ठ रुग्णांमध्ये १२ आणि ४ सेंटिमीटर पीप यांची तुलना झाली आणि तिथेही ठरवलेल्या मुख्य निकषावर निर्णायक फरक आढळला नाही. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत पीप दोन्ही गटांत ५ ठेवून ६ मिली आणि १० मिली यांची तुलना केली. गुंतागुंती ३८ आणि ३९ टक्के, म्हणजे जवळजवळ सारख्याच.

माझे मत असे की, हानिकारक ठरला तो मोठा श्वास आणि शून्य पीप यांचा संयोग. माफक पीप दिल्यावर ६ की १० हा वाद सर्वसाधारण रुग्णापुरता बराचसा निष्प्रभ होतो. या चाचण्यांत लॅप्रोस्कोपीचे रुग्ण एकतर नव्हते किंवा इतरांबरोबर मिसळलेले होते, हे मात्र मान्य करायला हवे.

रानवारा

मी दाहाच्या मोजमापाचे काम केले आहे, म्हणून धाग्याच्या मथळ्यातील 'दाह' या शब्दाबद्दल लिहिते.

एखाद्या अभ्यासात 'संरक्षक गटात इंटरल्युकिन-६ कमी आढळले' असे वाचल्यावर मी पहिला प्रश्न विचारते की, नमुना कशाचा होता? श्वासनलिकेतून द्रव सोडून परत ओढलेला नमुना फुप्फुसाबद्दल सांगतो, पण तो किती पातळ झाला हे प्रत्येक वेळी वेगळे असते. रक्ताचा नमुना संपूर्ण शरीराबद्दल सांगतो, आणि शस्त्रक्रियेत संपूर्ण शरीरच दाहाच्या अवस्थेत असते. ऊती कापल्या की इंटरल्युकिन-६ काही तासांत चढते, तर सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाचे शिखर दोन ते तीन दिवसांनी येते. या लाटेत व्हेंटिलेटरचा वाटा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. लॅप्रोस्कोपीत ही लाट उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा लहान असते हे खरे, पण तिथे दुसऱ्या गोष्टी शिरतात. पोटातल्या दाबाने आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो आणि गॅस सोडला की तो परत वाढतो. त्यातूनही दाह चाळवतो. उलट, कार्बन डायऑक्साइडमुळे पोटातील मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींचा प्रतिसाद दबतो असे प्रयोगशाळेत दिसले आहे. शिवाय मळमळ टाळण्यासाठी दिलेले डेक्सामेथासोन स्वतःच दाहशामक आहे. त्याची नोंद नसलेला सायटोकाइनचा अभ्यास मी फारसा विश्वासाने वाचत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या जर्मन अभ्यासात निरोगी फुप्फुसांच्या रुग्णांना तासभर १५ मिली आणि ६ मिलीचे श्वास दिले, तरी रक्तातील सायटोकाइनमध्ये फरक दिसला नाही. याउलट २००६ च्या एका फ्रेंच अभ्यासात अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत एकाच फुप्फुसावर श्वास चालू असताना लहान श्वास आणि पीप दिल्यावर इंटरल्युकिनची पातळी स्पष्टपणे कमी राहिली. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. इजा जितकी तीव्र, फुप्फुसाचा वापरात असलेला भाग जितका लहान आणि वेळ जितका लांब, तितका फरक दिसण्याची शक्यता वाढते.

सांजवेळ

मी शल्यचिकित्सक आहे. वरच्या प्रतिसादांत पोटातला दाब जणू ठरलेलाच आहे अशा रीतीने चर्चा चालली आहे, याचे मला आश्चर्य वाटते. तो दाब आम्ही लावतो आणि तो कमी करता येतो. इन्सफ्लेटरवर (गॅस भरणाऱ्या यंत्रावर) १५ चा आकडा असतो म्हणून तो तसाच ठेवण्याची सवय पडलेली आहे. स्नायू नीट शिथिल केलेले असतील तर पित्ताशयाच्या बऱ्याच शस्त्रक्रिया १० ते १२ वर, काही त्याहूनही कमी दाबावर नीट होतात. सुरुवातीला ट्रोकार (उपकरणे आत नेण्याच्या नळ्या) घालताना दाब जास्त हवा असतो, पण नंतर उतरवायला हरकत नसते. भूलतज्ज्ञाने विचारले तर मी उतरवतो. अडचण अशी की, पुष्कळदा कोणी विचारतच नाही.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. दिसत नसेल तर मी दाब वाढवणारच, कारण पित्तनलिकेला इजा झाली तर रुग्णाचे त्याहून मोठे नुकसान होते.

औदुंबर

सांजवेळ यांचा मुद्दा मोलाचा आहे. व्हेंटिलेटरची सेटिंग बदलून आपण परिणामाशी झगडतो. कारण कमी करण्याची मुभा असेल तर ती आधी घ्यावी.

आता चंद्रकोर यांना एक प्रश्न. १९८८ मध्ये ड्रेफस आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात मोठ्या आकारमानाने श्वास दिलेल्या प्राण्यांच्या फुप्फुसांत सूज आली, पण छाती व पोट पट्ट्याने आवळून तितक्याच मोठ्या दाबाने श्वास दिला तेव्हा आली नाही. म्हणजे इजा फुप्फुस ताणले जाण्याने होते, नळीत मोजलेल्या दाबाने नव्हे. गॅसने फुगलेले पोट हा एका अर्थी तोच पट्टा आहे. मग गॅस भरल्यावर प्लॅटो प्रेशर (श्वास आत गेल्यावर क्षणभर थांबून मोजलेला दाब) १६ वरून २४ वर गेले, तर त्यातला मोठा वाटा छातीची भिंत आणि श्वासपटल ढकलण्यात खर्च होतो. तो आकडा पाहून घाबरावे का?

चंद्रकोर

तुमचे म्हणणे बरोबर आहे; २४ चा आकडा पाहून कोणी श्वास ४ मिलीवर आणला तर तो चुकीचा निष्कर्ष ठरेल, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड साठेल ते वेगळेच. खरा ताण कळायला अन्ननलिकेत फुगा ठेवून फुप्फुसाबाहेरचा दाब मोजावा लागतो, आणि ते रोजच्या कामात कोणी करत नाही.

रोजच्या कामात करता येण्याजोगी गोष्ट अशी. प्लॅटोमधून पीप वजा केला की ड्रायव्हिंग प्रेशर, म्हणजे तो श्वास आत ढकलायला लागलेला दाब, मिळते. समजा पीप ५ आहे, गॅसपूर्वी प्लॅटो १६ होता आणि नंतर २४ झाला, तर ड्रायव्हिंग प्रेशर ११ वरून १९ झाले. आता मिटलेले भाग उघडून घ्यावेत, पीप दोनदोनने वाढवावा आणि श्वासाचे आकारमान तेच ठेवावे. ड्रायव्हिंग प्रेशर उतरले तर मिटलेला भाग उघडला असे समजावे. पीप वाढवूनही ते चढत असेल तर उघडा भाग जादा ताणला जातो आहे, म्हणून मागे यावे. पोटाची भिंत या काही मिनिटांत बदललेली नसते, त्यामुळे निव्वळ आकड्यापेक्षा त्याच्या बदलाची दिशा अधिक भरवशाची असते. माझ्या अनुभवात लॅप्रोस्कोपीत हा पीप बहुधा ५ पेक्षा जास्त निघतो, आणि रुग्णागणिक इतका बदलतो की सगळ्यांना एकच आकडा लावणाऱ्या चाचण्यांत फरक न दिसणे मला नवलाचे वाटत नाही.

दाब अचानक वाढला तर आधी श्वासनलिकेत घातलेली नळी तपासावी. श्वासपटलाबरोबर श्वासनलिकेचा दुभाजकही वर सरकतो आणि नीट बसवलेली नळी उजव्या फुप्फुसात उतरू शकते.

नीलाक्ष

एक सावधगिरी. वायुकोश उघडण्यासाठी हाताने पिशवी दाबून ३० सेंटिमीटर दाब अर्धा मिनिट धरण्याची पद्धत अजूनही दिसते. डोके वर केलेल्या आणि पोटात गॅस असलेल्या रुग्णाचे हृदयाकडे येणारे रक्त आधीच घटलेले असते. त्यात हे केले तर रक्तदाब झपाट्याने कोसळतो. यंत्रावरच पीप पायरीपायरीने चढवून उतरवावा आणि आधी रक्तदाब स्थिर आहे ना ते पाहावे. दीर्घकालीन श्वसनविकार असलेल्या रुग्णात श्वासोच्छ्वासाचा वेग वाढवला तर हवा पूर्ण बाहेर पडत नाही आणि आपण न लावलेला पीप आत साठतो, हेही ध्यानात ठेवावे.

मधुमालती

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही, पण घरातील व्यक्तीची अशी शस्त्रक्रिया ठरली आहे म्हणून सगळे वाचले. नातेवाइकांनी यातले काही विचारावे का? आणि आमच्या हातात काय आहे?

औदुंबर

मधुमालती, जरूर विचारा. रुग्णाची खरी उंची भूलतज्ज्ञांना सांगा. गेल्या महिन्याभरात सर्दी, खोकला, ताप किंवा छातीचा संसर्ग झाला असेल तर तो लपवू नका, कारण शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसांचा त्रास होण्याच्या शक्यतेशी त्याचा थेट संबंध आहे; योजनेने करायची शस्त्रक्रिया त्यासाठी पुढेही ढकलता येते. धूम्रपान असेल तर ते आजच थांबवावे. शस्त्रक्रियेनंतर लवकर उठून बसणे, चालणे आणि दीर्घ श्वास घेणे याला फार महत्त्व आहे, आणि दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेत असेल तर वेदनाशामक मागून घ्यावे. व्हेंटिलेटरचे आकडे मात्र भूलतज्ज्ञांवर सोडा.

तितिक्षा

सर्वांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे परत येते.

मला समजले ते असे. लॅप्रोस्कोपीत ६ ते ८ मिली आणि सुरुवातीला ५ सेंटिमीटर पीप लावणे हे योग्यच आहे. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या शिफारशीही हेच सांगतात आणि पुढे पीप रुग्णानुसार बदलायला सांगतात. पण त्याचे समर्थन 'सायटोकाइन कमी होते' एवढ्यावर उभे करू नये, कारण तो आकडा खाली येणे आणि रुग्णाला न्यूमोनिया न होणे यांच्यातला दुवा अजून पक्का जोडला गेलेला नाही. विभागातील दुसऱ्या गटाचा प्रश्न रास्त होता. फक्त त्यातून १० मिली आणि शून्य पीप चालू ठेवावा असा अर्थ निघत नाही.

माझ्या प्रबंधासाठी मी दोन्ही पद्धतींत इंटरल्युकिन-६ मोजायचे ठरवत होते. एवढेच मोजणे पुरेसे नाही, असे आता वाटते. रानवारा, तुम्ही काय सुचवाल?

रानवारा

इंटरल्युकिन-६ अवश्य मोजा, पण ते दुय्यम ठेवा. मुख्य निकष रुग्णाच्या स्थितीशी निगडित असावा : दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरून ऑक्सिजन न देता रक्तातील ऑक्सिजनची संपृक्तता किती राहते, आणि फुप्फुसांच्या सोनोग्राफीत मिटलेले भाग किती दिसतात. या दोन्ही गोष्टी खाटेपाशी मोजता येतात.

रक्ताचे नमुने भुलेपूर्वी, गॅस सोडण्याच्या आधी आणि २४ तासांनी घ्या. तासाभराच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रिया निवडल्यात तर फरक दिसणे कठीण. डोके बरेच खाली ठेवून चालणाऱ्या दोन तासांवरच्या शस्त्रक्रिया निवडा. पोटातला दाब दोन्ही गटांत एकच ठेवा आणि त्यासाठी सांजवेळ यांच्यासारख्या शल्यचिकित्सकाला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या. डेक्सामेथासोन एकतर सर्वांना सारख्या मात्रेत द्या किंवा कोणालाच देऊ नका.

चंद्रकोर

यात एक भर घालते. भूल उतरवतानाची पद्धतही दोन्ही गटांत सारखी ठेवा. शस्त्रक्रियाभर वायुकोश उघडे ठेवून शेवटी पीप शून्यावर आणला आणि शंभर टक्के ऑक्सिजनवर बराच वेळ ठेवले, तर ते पुन्हा मिटतात. दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत मग तुम्हाला व्हेंटिलेशनचा नव्हे, त्या शेवटच्या दहा मिनिटांचा परिणाम दिसेल. डोक्याकडची बाजू उचललेली, पीप नळी काढेपर्यंत चालू, आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा परिणाम यंत्राने मोजून पूर्ण उतरल्याची खात्री केलेली, एवढे तक्त्यात लिहून ठेवा.